दोष कुणाच्या पदरी?

(विहाराच्या वर्धापनदिनी गिरणी कामगार कार्यकर्त्याने केलेले भाषण)

 

मी प्राध्यापक नाही की वकील नाही. गिरणीत साचे चालवणारा माणूस. पाळी सुटल्यावर जे वाचता आलं, मोर्च्यात आणि सभेत जे कानावर पडलं, तेवढीच माझी विद्या. तेव्हा बोलताना शब्द इकडे तिकडे झाला तर सांभाळून घ्या.

आजच्या आनंदाच्या दिवशी हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. वर्धापनदिन आहे, पोरं नवे कपडे घालून आलीत, मागे भोजनदानाची तयारी चाललीय, आणि हा माणूस बलात्काराविषयी बोलणार! पण बंधूंनो, असा दिवस दुसरा कोणता? एरवी बायकांच्या सभेत बायका असतात, पुरुषांच्या सभेत पुरुष. आज आई, बाप, लेक, सून, आजी सगळे एका सतरंजीवर बसलेत. ही गोष्ट सगळ्यांनी एकत्र बसूनच ऐकायची आहे.

ऑगस्ट २०२४ मधली बदलापूरची घटना आपण कुणी विसरलेलो नाही. बदलापूर म्हणजे कल्याणपासून चौथं स्टेशन. तिथल्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार झाली. तक्रार नोंदवताना आईबापांना पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळावं लागलं, याचा लोकांना भयंकर संताप आला. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या बंद राहिल्या. आपल्यातले कित्येक जण त्या दिवशी कामावर पोचले नाहीत, पण कुणी कुरकुर केली नाही.

का केली नाही? कारण मुली चार वर्षांच्या होत्या. एरवी आपण जे प्रश्न विचारतो, कपडे कसले होते, रात्री बाहेर कशाला गेली, त्याच्याशी बोलत होती का, ते प्रश्न इथं चालेनात. तरीसुद्धा काही जणांनी वाट काढलीच. गाडीत बोलणं कानावर यायचं, "आईचं लक्ष नव्हतं का? नोकरी करते वाटतं?" म्हणजे पोरीला दोष देता येईना, तर तो आईच्या पदरात टाकला. गुन्हा करणारा बाजूलाच राहिला.

ही आपली सवय झाली आहे. नळावर, चाळीच्या जिन्यात, गिरणीच्या कँटीनमध्ये, आता मोबाईलवर, सगळीकडे तीच वाक्यं. "टाळी एका हातानं वाजत नाही." "तिनं आरडाओरडा का केला नाही?" "इतके महिने गप्प का बसली?" "चांगल्या घरच्या मुली अशा ठिकाणी जातात का?" बोलणाराला वाटतं, आपण शहाणपणाचं बोललो. त्या बोलण्याचा परिणाम काय होतो, ते मला आज सांगायचं आहे.

आधी आमच्या धंद्यातलं एक उदाहरण देतो, म्हणजे पुरुषमंडळींना लवकर पटेल. मी पूर्वी ज्या गिरणीत होतो तिथं एका कामगाराची दोन बोटं मशीनमध्ये गेली. पट्ट्यावरचं संरक्षक झाकण दोन महिन्यांपासून काढून ठेवलेलं होतं, आम्ही तोंडी चारदा सांगितलं होतं. पण अपघाताच्या कागदावर कारण काय लिहिलं? "कामगाराचा निष्काळजीपणा." बोटं त्याची गेली आणि दोषही त्याचाच! आम्ही सगळं खातं तेव्हा पेटून उठलो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानं हे कधीच ठरवलं होतं, की नुसता निष्काळजीपणा म्हणून कामगाराची भरपाई बुडवता येत नाही. कारण धोक्याचं मशीन मालकाचं, ते सुरक्षित ठेवायची जबाबदारीही त्याची. आणि मशीन तर मुकं असतं. त्याला काही कळत नाही. बलात्कार करणारा पुरुष मुका नाही, आंधळा नाही. त्याला सगळं कळतं आणि तो ठरवून करतो. मग मशीनच्या बाबतीत जे आपण ऐकून घेत नाही, ते माणसाच्या बाबतीत कसं खपवून घेतो?

आता आपल्या महाराष्ट्रातली एक मोठी घटना. देसाईगंज, म्हणजे वडसा. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. २६ मार्च १९७२ ची रात्र. एक आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान, आईबाप वारलेले, मजुरी करून पोट भरणारी. तिच्या लग्नावरून घरात वाद झाला, भावानं तक्रार दिली, म्हणून जबाबासाठी सगळ्यांना पोलीस ठाण्यात बोलावलं. जबाब झाले. बाकीच्यांना जायला सांगितलं आणि हिला एकटीला थांबवून घेतलं. नातेवाईक बाहेर ताटकळत उभे. आत ठाण्यामध्येच एका शिपायानं तिच्यावर बलात्कार केला आणि दारू प्यालेल्या हवालदारानं अंगचटीला जाण्याचा प्रकार केला, अशी तिची तक्रार होती. ती बाहेर आली, तिनं सांगितलं, गाव गोळा झालं, तेव्हा कुठं तक्रार घेतली गेली.

पुढं काय झालं? १९७४ साली सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं. मुलगी खोटारडी आहे, तिला पुरुषाची सवय आहे, तिची संमती असणार, असं म्हटलं. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला. भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं सांगून शिपायाला पाच वर्षांची आणि हवालदाराला एक वर्षाची शिक्षा दिली. आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांना पुन्हा निर्दोष सोडलं. कारण? तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. तिनं प्रतिकार केल्याची खूण नव्हती.

विचार करा. बंद ठाणं, दिवा विझवलेला, समोर वर्दीतले दोन पुरुष, आणि एक अनाथ पोर. ती कुठं हात उचलणार? आपल्यातला धडधाकट माणूससुद्धा चौकीत शिरताना चप्पल बाहेर काढून ठेवतो!

पण या निकालावर देश गप्प बसला नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. १९८० च्या ८ मार्चला ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या. त्या रेट्यातून १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराला वेगळी कडक शिक्षा आली. शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई कोर्टात म्हणाली की माझी संमती नव्हती, तर अशा प्रकरणात कोर्टानं ती नव्हती असंच धरून चालायचं, असं ठरलं. २००३ च्या दुरुस्तीनं बाईच्या चारित्र्यावरून तिची साक्ष खोटी पाडण्याची जुनी तरतूद गेली. दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ च्या कायद्यानं स्पष्ट लिहिलं की अंगानं प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती ठरत नाही. आणि दवाखान्यात होणारी ती दोन बोटांची चाचणी करणं म्हणजे गैरवर्तन आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑक्टोबर २०२२ ला बजावलं. देसाईगंजच्या त्या रात्रीपासून हिशेब केला तर पन्नास वर्षं झाली. एका मजूर पोरीवर फेकलेला दोष कायद्याच्या पुस्तकातून पुसायला पन्नास वर्षं लागली!

यातली आणखी एक गोष्ट माझ्या मनाला लागते. हा खटला देशभर त्या मुलीच्या नावानं ओळखला जातो. पुस्तकात तिचं नाव, भाषणात तिचं नाव. त्या दोन पोलिसांची नावं कुणाला पाठ आहेत? म्हणून मी आज तिचं नाव घेतलं नाही. देसाईगंजचा खटला म्हटलं तरी काम भागतं.

कायदा बदलला. पण जिन्यातलं बोलणं बदललं का? त्यासाठी गिरणीच्या आवारातलीच एक घटना सांगतो. मुंबईतल्या महालक्ष्मीची शक्ती मिल, कित्येक वर्षं बंद पडलेली. जिथं कधीकाळी भोंगा वाजायचा, पाळ्या सुटायच्या, तिथं नुसत्या भिंती आणि झाडझाडोरा. २२ ऑगस्ट २०१३ ला संध्याकाळी एक छायाचित्रकार मुलगी सहकाऱ्याबरोबर कामासाठी फोटो काढायला तिथं गेली होती. सहकाऱ्याला बांधून ठेवून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. लगेच लोक म्हणू लागले, "अशा ओसाड जागी गेलीच कशाला?" अरे, कामाला गेली होती! आपणही कामासाठी कुठं कुठं जातो. पहाटेच्या अंधारात कल्याण स्टेशन गाठणाऱ्या, रात्रीची पाळी करून डोंबिवलीला उतरणाऱ्या आपल्याच लेकीसुना आहेत. त्यांनी काय करायचं?

त्या मुलीनं तक्रार दिली, आरोपी पकडले गेले, तेव्हा दुसरी एक मुलगी पुढं आली. तिनं सांगितलं की ३१ जुलैला, त्याच आवारात, माझ्यावरही असाच अत्याचार झाला. दोन्ही गुन्ह्यांत तिघे जण तेच होते. २०१४ साली सत्र न्यायालयानं दोन्ही खटल्यांत दोषी ठरवलं. त्या तिघांना फाशी सुनावली होती, ती उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२१ मध्ये जन्मठेपेत बदलली.

३१ जुलै ते २२ ऑगस्ट. मध्ये बावीस दिवस. बंधू-भगिनींनो, हे बावीस दिवस नीट ध्यानात घ्या. पहिली मुलगी गप्प का राहिली, असं मी विचारणार नाही. तो प्रश्न तिचा नाहीच. ती बोलली असती तर तिला काय काय ऐकावं लागलं असतं, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे, कारण ते आपणच बोलतो. त्या बावीस दिवसांत तिघे मोकळे फिरत होते. कुणी तक्रार करणार नाही, अशी खात्री अशा माणसांना कोण देतं? आपण नळावर, जिन्यात, कँटीनमध्ये कुणा मुलीच्या कपड्यांवर बोलतो, तेव्हा शेजारी उभी असलेली दुसरी मुलगी ऐकत असते. ती मनात गाठ मारते, की माझ्यावर वेळ आली तर यांना सांगायचं नाही. आणि शेजारी उभा असलेला एखादा नराधमही ऐकत असतो. त्याला कळतं, की इथं आपलं कुणी नाव घेणार नाही. आपलं बोलणं त्याच्या पथ्यावर पडतं.

आणि तो नराधम परका असतो असंही नाही. सरकारी गुन्हे नोंदणीचे आकडे वर्षानुवर्षं हेच सांगतात, की बलात्काराच्या दहा प्रकरणांपैकी नऊपेक्षा जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्नाचं आमिष दाखवणारा. मग "रात्री बाहेर जाऊ नकोस" या सांगण्यानं किती मुली वाचणार? धोका तर कधी कधी दाराच्या आत असतो.

माणसं असं का बोलतात? सगळे काही दुष्ट नसतात. बरीचशी घाबरलेली असतात. आईला वाटतं, त्या मुलीचं काहीतरी चुकलं असणार, माझी लेक तसं वागत नाही, म्हणजे माझी लेक सुखरूप. तेवढाच मनाला धीर. अमेरिकेत मेल्विन लर्नर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचा १९६६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. एका बाईला चुकलं की विजेचा झटका बसतो, असं दृश्य लोकांना दाखवलं. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना खरे वाटत होते. ज्यांना तिचा त्रास थांबवण्याची संधी दिली, त्यांनी बहुतेक करून तो थांबवला. ज्यांना सांगितलं की हे असंच चालू राहणार, ते त्या बाईलाच नावं ठेवू लागले. बघा, हात रिकामे असले की तोंड चालतं. यात आपल्यासाठी एक धडा आहे, त्याकडं मी शेवटी येतो.

आता आपला, म्हणजे बौद्धांचा, याच्याशी वेगळा काय संबंध? फार जवळचा आहे. आपल्या आज्या-पणज्यांना काय सांगितलं जात होतं? तुम्ही अस्पृश्य जन्मलात ते तुमच्याच मागल्या जन्मीच्या पापानं. गावाबाहेर राहता, मेलेलं ढोर ओढता, तो तुमचाच भोग. म्हणजे मारणारा निर्दोष आणि मार खाणारा दोषी! बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागल्या जन्माच्या कर्माचा हा सिद्धांत साफ नाकारला. गोरगरिबांच्या हालांची जबाबदारी समाजानं आणि राज्यानं झटकून टाकावी, यासाठीच त्याचा उपयोग होतो, हे त्यांनी दाखवून दिलं. ज्या समाजावर हजारो वर्षं त्याच्याच दुःखाचा दोष लादला गेला, त्या समाजानं तोच दोष आपल्या लेकीवर लादावा काय?

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलं, चौघांना जमावानं मारलं. आणि मारेकऱ्यांविषयी नीट बोलणं सुरू व्हायच्या आधी मेलेल्या आईच्या चारित्र्याविषयी कुजबुज सुरू झाली. तेव्हा आपण सगळे चिडलो, रस्त्यावर उतरलो. बरोबरच केलं. मग आपल्या चाळीतल्या मुलीविषयी तशीच कुजबुज निघते, तेव्हा आपली चीड कुठं जाते?

धम्मात याचं उत्तर अडीच हजार वर्षांपूर्वी देऊन ठेवलेलं आहे. विनयपिटकात उत्पलवर्णा थेरीची हकिकत येते. भगवंतांच्या अग्रश्राविकांपैकी एक, अर्हत पदाला पोचलेली भिक्खुणी. ती भिक्षेला गेली असताना एक तरुण तिच्या कुटीत लपून बसला आणि ती परत आल्यावर त्यानं तिच्यावर बलात्कार केला. तिनं ते लपवलं नाही, भिक्खुणींना सांगितलं. गोष्ट भगवंतांपर्यंत गेली. ब्रह्मचर्याचा नियम मोडला म्हणून तिला संघातून काढायचं का? भगवंतांचा निर्णय सरळ होता, की तिची संमती नव्हती, म्हणून तिचा काही अपराध नाही. तिनं एकटीनं रानात राहावं कशाला, कुटीचं दार उघडं का, असा ठपका तिच्यावर ठेवला नाही. अट्ठकथेत पुढं असं येतं की प्रसेनजित राजानं भिक्खुणींसाठी नगराच्या आत निवास बांधून दिला. म्हणजे संघानं तिला निर्दोष मानलं आणि राजानं सुरक्षिततेची सोय केली. दोघांनी आपापलं काम केलं. जी गोष्ट आपल्या कोर्टांना समजायला इतकी वर्षं लागली, ती विनयात एका ओळीत आहे. आणि पंचशीलातलं तिसरं शील आपण रोज घेतो, ते स्वतःच्या वागण्याचं शील आहे. दुसऱ्याच्या लेकीवर पहारा ठेवायचं ते शील नाही. आपल्या मुलांना ते अर्थासकट शिकवा.

आता शेवटचं, हातांना काम देण्याचं. आपल्या वस्तीत अशी वेळ कुणावर आली तर काय करायचं?

पहिलं, तिला सांगायचं, "बाई, तुझा दोष नाही. मी तुझ्याबरोबर आहे." का, कसं, कशाला हे प्रश्न पोलीस विचारतील, आपण नाही. दुसरं, कपडे धुवायचे नाहीत, ते कागदात गुंडाळून ठेवायचे आणि तिला लवकर दवाखान्यात न्यायचं. सरकारी असो की खाजगी, कुठल्याही दवाखान्यानं मोफत उपचार केलेच पाहिजेत. तिसरं, तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. "आमची हद्द नाही" हे उत्तर चालत नाही, आणि अशी तक्रार नोंदवायला नकार देणं हाच पोलिसाचा गुन्हा ठरतो. जबाब महिला अधिकाऱ्यानंच घ्यायचा. अठराच्या आतली मुलगी किंवा मुलगा असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागतो. फोन ११२, लहान मुलांसाठी १०९८. चौथं, आपल्या समाजाची मुलगी असेल आणि गुन्हेगार दलित-आदिवासी समाजाबाहेरचा असेल, तर जात पहिल्याच तक्रारीत नोंदवा, म्हणजे १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याची कलमं लागतात. खैरलांजीच्या खटल्यात तो कायदा टिकला नाही, याचं दुःख आपल्याला आहे. पाचवं, २०१३ पासून राज्याची मनोधैर्य योजना आहे, मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा. आणि सहावं, तिचं नाव, फोटो, घराचा पत्ता मोबाईलवर फिरवायचा नाही. तो गुन्हा आहे.

महिला मंडळानं एवढं केलं तरी पुष्कळ. विहारात दोन जणी अशा ठरवाव्यात की कुठलीही मुलगी त्यांच्याकडं कधीही येऊन बोलेल, आणि बोललेलं तिच्या मर्जीशिवाय वस्तीत जाणार नाही. मूल असेल तर कायद्यानं पोलिसांना कळवावंच लागतं, पण तिथंही पोराला सांगून, त्याचा हात धरून जायचं. पुरुषांनी एवढंच करावं, की कँटीनमध्ये, गाडीत असलं बोलणं निघालं की हसून साथ द्यायची नाही. विचारायचं, "करणाऱ्याचं काय? त्याच्याविषयी बोल." एकदा विचारून बघा, बोलणाऱ्याची जीभ अडखळते.

ज्या वस्तीत मुलीला आपल्या घरी खरं सांगता येतं, त्या वस्तीत गुन्हेगाराला बावीस दिवस मिळत नाहीत. एक दिवससुद्धा मिळत नाही. विहार बांधायला आपण विटा वाहिल्या, वर्गणी काढली. मुलीला निर्भयपणे बोलता येईल असं घर बांधायला वर्गणी लागत नाही. फक्त तोंडातलं एक वाक्य बदलायचं आहे.



नमो बुद्धाय! जय भीम!